हलगी, बोंगो आणि न छापलेली नावे

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेला श्रोता म्हणून जाण्याचा योग आला. विषय होता, 'पाश्चात्य संगीताचे आक्रमण आणि आपली संस्कृती'. स्पर्धक तयारीचे होते. एकामागून एक येऊन त्यांनी जॅझ, पॉप, बोंगो, गिटार, सॅक्सोफोन ही नावे अशा सुरात उच्चारली, की जणू ती साथीच्या रोगांचीच नावे असावीत. टाळ्या भरपूर पडल्या. त्यांत माझ्याही होत्या, हे प्रथमच कबूल केले पाहिजे.

त्या दिवशी प्रमुख पाहुण्यांचे स्वागत फाटकापासून व्यासपीठापर्यंत हलगीच्या कडकडाटात झाले. हलगी, घुमके आणि कैताळ घेतलेले चार वादक होते. पाहुणे व्यासपीठावर चढले तसे ते चौघे मागे फिरले आणि भाषणे संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहिले. माझ्या हातात छापील कार्यक्रमपत्रिका होती. तीत पाहुण्यांचे नाव होते, परीक्षकांची होती, स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींची होती, रांगोळी काढणाऱ्यांचीही होती. वादकांच्या जागी मात्र दोनच शब्द होते : 'हलगी पथक'. ज्या संस्कृतीच्या रक्षणासाठी आत एवढा घसा कोरडा केला जात होता, ती बाहेर लिंबाखाली बसली होती! पण त्या वेळी मला हे सुचले नाही. सुचले ते काही दिवसांनी, आणि तेही क्यूबा नावाच्या एका दूरच्या बेटामुळे. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझे आजोबा चाळीस वर्षे हलगी वाजवीत होते. गावची जत्रा, वरात, कुस्तीचे मैदान, कुठेही बोलावणे आले की जाळावर हलगी शेकून ते निघत. आता त्यांचे हात थरथरतात. एका संध्याकाळी मी मोबाईलवर जुनी गाणी ऐकत होतो. 'अलबेला' चित्रपटातील 'शोला जो भडके' हे गाणे आमच्या भागात लग्नाच्या बँडवाल्यांमुळे पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्यातला ठेका आला कोठून, याचा शोध घेता घेता 'मान्तेका' नावाची एक रचना हाती लागली. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये तिचे ध्वनिमुद्रण झाले होते. तीत कोंगा नावाचा उंच ढोल तळहातांनी वाजवला आहे. तो आवाज सुरू होताच बाजेवर पडलेले आजोबा उठून बसले.

"ह्यो गडी कुठल्या गावचा रं?" त्यांनी विचारले.

"लांबचा हाय आबा. समुद्रापल्याडचा."

"हाताला लई वजन हाय त्येच्या. नाव काय त्येचं?"

मी नाव सांगितले : चानो पोसो. ते मला सांगता आले, कारण ते त्या रचनेच्या कर्त्यांमध्ये छापलेले आहे. मग मनात आले, हवाना शहरातल्या एखाद्या आजोबांनी माझ्या आजोबांची हलगी ऐकली आणि नाव विचारले, तर त्यांच्या नातवाला ते कुठे सापडेल? या एका प्रश्नाने मला पुढचे सगळे वाचायला लावले.

क्यूबाची कथा उसापासून सुरू होते, आणि ऊस म्हणजे काय हे कृष्णा-वारणेच्या काठच्या आपल्यासारख्यांना शिकवावे लागत नाही. स्पॅनिश मालकांनी उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम करून आणली. क्यूबातील गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ साली. या माणसांजवळ स्वतःचे म्हणावे असे काहीच उरले नव्हते. उरला होता फक्त ताल. इंग्रजांच्या उत्तर अमेरिकेतील वसाहतींत तोही हिसकावून घेण्याचा प्रयत्न झाला. साउथ कॅरोलायनामध्ये १७३९ साली गुलामांचे बंड झाले, त्यात ढोल वाजले होते; पुढच्याच वर्षी कायदा करून त्यांना ढोल वाजविण्याची मनाई करण्यात आली. क्यूबात मात्र ढोल तुलनेने अधिक टिकून राहिला. म्हणजे एकाच आईची दोन लेकरे दुरावली. एकाजवळ ढोल राहिला. दुसऱ्याने तोच ताल टाळ्यांत, प्रार्थनागीतांत आणि पुढे पितळी वाद्यांत लपवून जपला. या दुसऱ्या लेकराच्या वंशात, विसाव्या शतकाच्या आरंभी, न्यू ऑर्लीन्स या बंदराच्या शहरात जे संगीत आकाराला आले, ते जॅझ.

न्यू ऑर्लीन्स आणि हवाना यांच्यामध्ये समुद्र होता, पण जहाजांची ये-जा सततची होती. साखर, तंबाखू यांच्याबरोबर ठेकेही ये-जा करीत होते. डब्ल्यू. सी. हँडी हा अमेरिकन कृष्णवर्णीय संगीतकार १९०० साली क्यूबाला जाऊन आला, आणि १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'सेंट लुई ब्लूज' या विख्यात रचनेच्या एका भागात हवानाकडचा झुलता ठेका आहे. १९३० साली डॉन आस्पियासू या क्यूबन वादकाच्या ताफ्याने न्यूयॉर्कमध्ये 'एल मानिसेरो', म्हणजे 'शेंगदाणेवाला', या गाण्याची तबकडी काढली आणि अमेरिकेत क्यूबन नाचाच्या संगीताची लाटच उसळली. शेंगा विकणाऱ्या फेरीवाल्याची ती हाळी आहे. आपल्या एस. टी. स्टँडवरची हाळी उद्या कोणी जगभर गाजवली, तर कसे वाटेल, याची कल्पना करावी!

या संगीताचा कणा म्हणजे 'क्लावे'. दोन लाकडी दांडके एकमेकांवर आपटून वाजविण्याचा हा पाच आघातांचा आकृतिबंध आहे. वाचकांना तो या क्षणी वाजवून पाहता येईल. संथ लयीत एक ते सोळा मोजा, आणि एक, चार, सात, अकरा व तेरा या अंकांवर टाळी द्या. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या येतात, दुसऱ्यात दोन. पहिला अर्धा जणू प्रश्न विचारतो आणि दुसरा उत्तर देतो. सारे वादक आपापले वाजविताना हा सांगाडा मनात धरून असतात. आपल्या तालात समेला जे महत्त्व, तसेच काहीसे क्यूबन संगीतात क्लावेला आहे.

आता ज्या घटनेसाठी हा सगळा इतिहास सांगितला, तिच्याकडे वळतो. हवानाचा मारियो बाउसा हा वादक १९३० साली न्यूयॉर्कला स्थायिक झाला. तेथील कृष्णवर्णीयांच्या नामांकित जॅझ ताफ्यांत तो ट्रम्पेट वाजवू लागला. १९४० साली त्याचा मेहुणा माचितो याने स्वतःचा ताफा उभारला, आणि बाउसा त्याचा संगीत-दिग्दर्शक झाला. ताफ्याचे नाव काय ठेवले? 'माचितो आणि त्याचे आफ्रो-क्यूबन्स'. आफ्रिकेशी असलेले नाते लपविण्याकडेच बहुतेकांचा कल होता, अशा काळात या माणसांनी ते नाते ताफ्याच्या पाटीवर लिहिले! १९४३ साली बाउसाने 'तांगा' ही रचना केली. क्यूबन ताल आणि जॅझ यांचा खरा संगम येथून झाला, असे जाणकार मानतात.

पुढे डिझी गिलेस्पी या अमेरिकन ट्रम्पेटवादकाला आपल्या ताफ्यात क्यूबन ढोल हवासा वाटू लागला. बाउसाने त्याला चानो पोसोचे नाव सुचविले. चानो हवानाच्या गरीब वस्तीत वाढलेला. त्याला स्वरलिपी येत नव्हती, इंग्रजी जेमतेम येत होते, आणि गिलेस्पीला स्पॅनिश येत नव्हते. तरी १९४७ च्या सप्टेंबरात दोघे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एका रंगमंचावर उभे राहिले. 'मान्तेका'ची मूळ कल्पना चानोने तोंडाने गाऊन दाखविली, मधला भाग गिलेस्पीने रचला, गिल फुलर याने सगळे कागदावर बांधले. रचनेचे कर्ते म्हणून या तिघांचीही नावे लागली. १९४८ च्या डिसेंबरात हार्लेममधील एका मद्यगृहात चानोचा गोळी घालून खून झाला. वय अवघे ३३. पण नाव राहिले. म्हणूनच पाऊणशे वर्षांनंतर माझ्या आजोबांच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले.

ही देवघेव पुढे राजकारणाने तोडली. १९५९ साली क्यूबात क्रांती झाली, १९६२ साली अमेरिकेने व्यापारबंदी पुरती आवळली. इकडे क्यूबातील काही अधिकाऱ्यांनाही जॅझ म्हणजे शत्रूचे संगीत वाटू लागले. तरीही १९७३ साली चुचो वाल्देस याने हवानात 'इराकेरे' हा ताफा उभा केलाच. १९७७ साली गिलेस्पी जहाजाने हवानाला गेला आणि १९८० साली 'इराकेरे'ला अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. सरकारांना जहाजे अडविता येतात. ठेका अडविता येत नाही.

येथे कोणी विचारील, की या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो मुंबईमार्गे आहे.

१९३५ साली लिऑन अॅबी या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक आले. त्यांच्या सहवासात जे भारतीय वादक तयार झाले, त्यांत गोव्याची माणसे मोठ्या संख्येने होती. याला कारण होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. पोटासाठी ही मुले मुंबईला येत, धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावच्या 'कुडां'मध्ये राहत आणि हॉटेलांत, नाचघरांत वाजवीत. जॅझबरोबरच रुंबा, सांबा असे लॅटिन अमेरिकेतील नाचांचे ठेकेही तबकड्यांतून आणि हॉलिवूडच्या चित्रपटांतून त्यांच्यापर्यंत पोचत होते. पुढे १९४९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, नाचघरांची रया गेली आणि यांपैकी कितीतरी वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांकडे वळले.

तेथे त्यांची गाठ पडली आपल्या मराठी माणसाशी. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. त्यांचे सहाय्यक होते चिक चॉकलेट. हे खरे नाव नव्हे. हा माणूस गोव्यातील हळदोण्याचा, नाव अँटोनिओ झेवियर वाझ. त्यांच्या ट्रम्पेटमुळे लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५० च्या 'समाधी' चित्रपटातील 'गोरे गोरे' हे गाणे घ्या. त्याची मूळ चाल १९४५ च्या 'डॉल फेस' या अमेरिकन चित्रपटातील. ती तेथे गाणारी कार्मेन मिरांडा जन्माने पोर्तुगालची, वाढलेली ब्राझीलमध्ये, गाण्यातला नायक पोर्टो रिकोचा, रचणारे अमेरिकन. आणि मुंबईत ती बांधली पुणतांब्याच्या माणसाने, सहाय्यक हळदोण्याचा, गायिका लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी! १९५१ साली भगवानदादांचा 'अलबेला' आला. त्यात तर चिक चॉकलेट आणि त्यांचा ताफा झालरीच्या बाह्यांचे लॅटिन पद्धतीचे सदरे घालून पडद्यावरच दिसतो. बोंगो, कोंगा ही क्यूबन ढोलांची जोडगोळी आपल्या चित्रपटसंगीतात रुळविणाऱ्यांत कावस लॉर्ड या पारशी तालवादकाचा मोठा वाटा होता. हाच ठेका पुढे लग्नाच्या बँडमधून आमच्या वाडीपर्यंत आला. बँडमध्ये बोंगो नव्हता. मग तो ठेका वाजला कशावर? साइड ड्रमवर, ढोलावर, आणि हो, हलगीवरही! आफ्रिकेतून निघालेला ताल क्यूबा, न्यूयॉर्क, मुंबई असा फिरून सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीत चामड्यावर येऊन बसला.

सांगलीकरांनी तर या संगीताला परके म्हणूच नये. १९५७ च्या 'आशा' चित्रपटातील 'ईना मीना डीका' किंवा १९७१ च्या 'कारवां'मधील 'पिया तू अब तो आजा' ही गाणी ज्या आशाबाईंनी गायिली, त्यांचा जन्म १९३३ साली सांगलीतच झाला. नाट्यसंगीताच्या घरात वाढलेला गळा जॅझच्या लयीत इतका सहज रमतो, हे पाहिल्यावर 'आक्रमण' हा शब्द फिका पडतो.

आणि शुद्धतेची गोष्टच काढायची, तर आपल्या या दोन जिल्ह्यांत शुद्ध असे काय आहे? विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केले आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला. त्याची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची होती. मिरजेस राहिलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतील कैरान्याचे. त्यांनी कर्नाटक संगीतातील सरगम आपल्या गायकीत सामावून घेतली. मिरजेतील शिकलगारांचे हात शस्त्रांना धार लावीत होते, ते सतार आणि तंबोरा घडवू लागले, आणि २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या पेटीवाचून आपले भजन उभे राहत नाही, ती पेटी युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती, कारण ती परकी! १९५२ साली नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर आळा घातला, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोन लावून बसले. केसकरही मराठीच, आणि त्यांचा हेतूही वाईट नव्हता. पण बंदीने संस्कृती टिकत नाही, हा धडा हवाना आणि दिल्ली या दोन्ही राजधान्यांना मिळाला.

मला दुसरी बाजू ठाऊक नाही असे नाही. माझे एक मित्र म्हणाले, "परकी चाल उचलायची आणि तिला देवघेव म्हणायचे? ही तर चोरी!" आक्षेप रास्त आहे. चाल उचलली तर मूळ कर्त्याचे नाव सांगितले पाहिजे, यात वाद नाही. परंतु चाल उचलणे आणि ताल आपलासा करणे यांत अंतर आहे. 'गोरे गोरे'ची चाल परकी. पण त्याच सी. रामचंद्रांनी १९५३ साली 'अनारकली'ची गाणी दिली आणि १९६३ साली 'ऐ मेरे वतन के लोगो' दिले. परक्या ठेक्याने त्यांची मुळे उखडली असती, तर ही गाणी आली असती काय? तेव्हा देवघेव झाली की नाही, हा माझ्या मते खरा प्रश्नच नव्हे. ती होणारच. प्रश्न असा, की ज्याच्या हातून ताल आला त्याचे नाव आणि त्याचा वाटा त्याला मिळाला की नाही? देवघेव आणि लूट यांच्यातली सीमारेषा येथे आहे.

या कसोटीवर आपण उतरतो काय? चित्रपटांचे काम कसे चाले ते पाहा. संगीत-दिग्दर्शक पेटीवर चाल सांगे. ती स्वरलिपीत उतरविणे, सुरुवातीचा आणि कडव्यांमधला वाद्यमेळ रचणे, कोणत्या वाद्याने केव्हा काय वाजवायचे ते कागदावर वाटून देणे, हे काम संयोजकाचे. हे संयोजक बहुधा गोव्याचे असत. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांची नावे आज अभ्यासकांना माहीत आहेत. पण गाणे गुणगुणणाऱ्या लाखो लोकांपर्यंत ती पोचली नाहीत. श्रेयनामावलीत त्यांना बहुधा स्थान नसे. असलेच तर 'सहाय्यक' म्हणून. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूचे, अँथनी गोन्साल्विस यांचे, नाव गाण्यात गुंफले. सारा देश ते नाव गाऊ लागला; पण ते एका खऱ्या, मजोर्ड्याच्या माणसाचे आहे हे किती जणांना कळले? गुरुऋण फेडणारे असे शिष्य थोडे. बाकीचे वादक तबकडीच्या खाचेत राहिले.

आणि हलगीवाल्याला तर 'सहाय्यक' हा शब्दही मिळाला नाही. येथे सर्वांत अवघड मुद्दा येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हलगी ही आपली थोर लोककला, असे आपण भाषणात म्हणतो. परंतु जन्मावरून ठरलेल्या माणसांनीच ती वाजवायची, बोलावले की जायचे, पंगत उठल्यावर जेवायचे आणि मिळेल ते धान्य पदरात घ्यायचे, ही तिची दुसरी ओळख होती. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनंतर अनेक गावांत माणसांनी वाजविण्याची ही कामे सोडली. त्यांनी संस्कृती सोडली नाही; अपमान सोडला. माझ्या वडिलांनीही हलगीला हात लावला नाही, आणि मी कॉलेजात आलो त्यामागे त्यांचा तोच निश्चय आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. क्यूबातही प्रतिष्ठित लोक ढोलाला लाजत होते, कारण तो गुलामांचा होता. दोष ढोलाचा नव्हता. दोष हलगीचाही नाही. चामडे बिचारे कोणालाही शिवते. शिवाशिव माणसांच्या डोक्यात असते.

वाळवे तालुक्यात रेठरे हरणाक्ष नावाचे गाव आहे. १९४९ पर्यंत तो भाग सातारा जिल्ह्यात होता, पुढे दक्षिण सातारा झाला आणि मग सांगली. तेथल्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी जातीचा विरोध पत्करून तमाशाचा फड धरला आणि ते पठ्ठे बापूराव झाले. त्याच तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन तो कामगारांच्या हाती दिला. या दोघांची नावे आपण आदराने घेतो, ते योग्यच आहे. पण त्यांच्यामागे रात्र रात्र ढोलकी, हलगी, तुणतुणे वाजविणारे हात कोणाचे होते? शाहिराचे नाव राहिले, तालाचे गेले. क्यूबाच्या कथेतून मला जे शिकायला मिळाले ते हेच. चानो पोसो गरीब होता, काळा होता, त्याला लिहिता-वाचता येणारे संगीत येत नव्हते. तरीही त्याच्या तालाला रचना मानले गेले, नुसती साथ नव्हे.

आज आमच्या गावच्या जत्रेत हलगीच्या जागी डॉल्बी आली आहे. तिच्या भिंतींपुढे उभे राहिले की छातीत धडधडते. पुष्कळ जण म्हणतात, डॉल्बीने हलगी मारली. मला ते अर्धेच खरे वाटते. ज्या वाद्याच्या वादकाला आपण कधी नाव दिले नाही, त्याचा मुलगा ते वाद्य कशासाठी उचलील? डॉल्बीने रिकामी पडलेली जागा घेतली, एवढेच.

मी एकोणीस वर्षांचा विद्यार्थी. संगीताचे शास्त्र शिकलेलो नाही. तेव्हा मोठी सूचना करण्याची माझी पात्रता नाही. एक लहानशी सूचना मात्र आहे, आणि तिला खर्च फक्त शाईचा आहे. यापुढे आपल्या स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत गाणाऱ्यांच्या नावाखाली वाजविणाऱ्यांची नावेही छापावीत. पेटी कोणाची, ढोलकी कोणाची, कीबोर्ड कोणाचा, आणि बाहेरून हलगीवाले बोलावले तर हलगी कोणाची, घुमके कोणाचे, कैताळ कोणाचे. 'पथक' हा शब्द नको. पूर्ण नाव आणि गाव हवे. ठरलेले मानधन हातात नव्हे, पाकिटात द्यावे, आणि पाहुण्यांचे भाषण ऐकण्यासाठी त्यांना सभागृहात खुर्ची द्यावी. मग आपण बोंगो वाजवू की हलगी, ट्रम्पेट की सनई, याची मला चिंता वाटत नाही. ज्याचा ताल आहे त्याचे नाव घेऊन वाजवलेले कोणतेही संगीत आपलेच आहे.

परवा मी आजोबांना विचारले, "आबा, तुमचं नाव कधी कुठं छापून आलं होतं का?" ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "मतदारयादीत हाय की."

हे ऐकून मला हसू आले नाही. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेची मी वाट पाहत आहे.

(द्वितीय वर्ष, कला)